बर्फावरची शर्यत आणि आपल्या गावातल्या मुली

(भंडारा जिल्ह्यातील महिला मंडळे, बचत गट आणि किशोरी गट यांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलींनो,

'मुली आणि खेळ' या विषयावर मी बोलावं असं संयोजक मैत्रिणींनी सुचवलं. मी खेळाडू नाही, क्रीडाशिक्षिकाही नाही. समाजकार्याचं शिक्षण घेऊन गेली काही वर्षं या जिल्ह्यात किशोरवयीन मुली आणि त्यांच्या आया यांच्याबरोबर काम करते, तेवढ्या अनुभवावरच बोलणार आहे.

एका किशोरी गटाच्या बैठकीत मुलींनी मला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. पांढऱ्याशुभ्र उतारावरून पायाला दोन लांब पट्ट्या बांधलेली एक बाई नागमोडी वळणं घेत खाली येते आहे. मुलींनी विचारलं, "ताई, ही कोण? आणि हिला भीती नाही वाटत?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी बरंच वाचलं. आज तेच तुमच्यासमोर मांडणार आहे.

तुम्ही म्हणाल, मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, बर्फ आपल्याला माहीत तो गोळ्याच्या गाडीवरचा. त्या बाईचा आणि आपला काय संबंध? संबंध आहे. एखादी बाई जगात पहिली येते तेव्हा वर्तमानपत्रं तिच्या जिद्दीबद्दल लिहितात. त्या जिद्दीला कोणाकोणाचा हातभार लागला, कोणता पैसा, कोणतं मैदान, कोणाचे कष्ट लागले, हे फारसं कोणी लिहीत नाही. आपल्याला कामाचं आहे ते हेच. जिद्द आपल्या मुलींमध्ये भरपूर आहे. बाकीच्या गोष्टींची वानवा आहे.

ही शर्यत असते कशी

आपल्याकडे शर्यत म्हटली की डोळ्यांपुढे शंकरपट येतो. लाखनीचा पट, साकोलीकडचे पट, बैलजोड्या, धुरळा, आरडाओरडा. जिंकणारी आणि हरणारी जोडी यांच्यात डोळ्याचं पातं लवेल एवढंच अंतर. बर्फावरच्या या शर्यतीतही सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल लागतो. तिला आल्पाइन स्कीइंग म्हणतात. युरोपातल्या आल्प्स पर्वतावरून हे नाव पडलं. तिचे काही प्रकार आहेत. 'डाउनहिल' म्हणजे सरळ उतारावरून सुसाट जाणं. त्यात वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जातो, आपल्या एस.टी.च्या दुपटीहून जास्त, आणि अंगाभोवती ना पत्रा ना काच. 'स्लॅलम'मध्ये वेग कमी, पण बर्फात जवळजवळ खांब रोवलेले असतात. प्रत्येक खांबाला वळसा घालूनच पुढे जायचं. एक खांब जरी चुकला तरी शर्यत संपली. दोन फेऱ्या होतात, दोन्हींची वेळ एकत्र धरतात. म्हणजे वर्षभराच्या कष्टांचा निकाल दोनेक मिनिटांत.

या खेळाची एक गोष्ट मला लक्षणीय वाटली. १९३१ साली स्वित्झर्लंडमधल्या म्युरेन या गावी आल्पाइन स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हापासूनच त्यात स्त्रियांच्या शर्यती होत्या. १९३६ साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तोही स्त्री-पुरुष दोघांसाठी एकदमच. पण त्याच बर्फावर, स्कीवरून लांब उडी मारण्याच्या खेळात मात्र पुरुषांना १९२४ पासून जागा होती आणि स्त्रियांना ती मिळायला २०१४ साल उजाडावं लागलं. मध्ये नव्वद वर्षं गेली. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या अध्यक्षांनी २००५ साली सांगितलं होतं की, वैद्यकीय दृष्टीने हा खेळ स्त्रियांना योग्य वाटत नाही. ओळखीचं वाटतं ना? "जास्त उड्या मारू नकोस, पुढे लेकरं व्हायची आहेत" हे वाक्य आपल्याकडे आजीच्या तोंडी असतं, तिकडे ते अध्यक्षांच्या तोंडी होतं. बायकांच्या गर्भाशयाची काळजी जगभर सगळ्यांना असते. फक्त ती तांदळाचं पोतं उचलताना किंवा दिवसभर चिखलात वाकून रोवणी करताना कोणाला आठवत नाही.

मिकाएलाची घडण

मुलींनी दाखवलेली ती बाई म्हणजे अमेरिकेची मिकाएला शिफ्रिन. जन्म १३ मार्च १९९५, कोलोरॅडो राज्यातलं व्हेल हे डोंगरातलं गाव. वडील जेफ भूल देणारे डॉक्टर, आई आयलीन परिचारिका. दोघंही स्कीइंग करणारे. मुलगी चालायला लागल्यावर थोड्याच दिवसांत तिच्या पायात स्की आल्या. पुढे तिला व्हर्मांट राज्यातल्या बर्क माउंटन अकादमी या शाळेत घातलं. तिथे अभ्यास आणि स्कीइंग दोन्ही एकत्र चालतं.

लहान असताना हायडी व्होल्कर नावाच्या एका स्की खेळाडूने तिला सही देताना इंग्रजीतली काही आद्याक्षरं लिहून दिली. त्यांचा अर्थ होता, 'नेहमी मुलांपेक्षा वेगाने जा.' ती अक्षरं मिकाएलाने जपली आणि पुढे आपल्या शिरस्त्राणावर मिरवली. एका मोठ्या बाईने लहान मुलीला कागदावर लिहून दिलेली चार-सहा अक्षरं, तेवढंही किती पुरतं पाहा.

आता थोडा क्रम सांगते. मार्च २०११ मध्ये, सोळावं लागायच्या एक-दोन दिवस आधी, ती पहिल्यांदा वर्ल्ड कपच्या शर्यतीत उतरली. हा वर्ल्ड कप म्हणजे एकच स्पर्धा नव्हे. हिवाळाभर निरनिराळ्या गावी शर्यती होतात आणि गुण मोजले जातात. डिसेंबर २०१२ मध्ये स्वीडनमधल्या ओरे या गावी तिने पहिली शर्यत जिंकली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आपल्याकडची बारावीतली मुलगी. फेब्रुवारी २०१४ मध्ये रशियातल्या सोची ऑलिंपिकमध्ये स्लॅलमचं सुवर्णपदक. दुसऱ्या फेरीत मध्येच तिचा तोल गेला, एक पाय हवेत गेला, आता पडणार असं वाटलं, पण तिने स्वतःला सावरलं आणि अर्ध्या सेकंदाच्या फरकाने जिंकली. अठराव्या वर्षी ती स्लॅलममधली सर्वांत लहान वयाची ऑलिंपिक विजेती ठरली. २०१८ साली दक्षिण कोरियात आणखी एक सुवर्ण आणि एक रौप्य. २०१८-१९ च्या एका हिवाळ्यात वर्ल्ड कपच्या सतरा शर्यती जिंकल्या; तोवर एका मोसमात इतक्या कोणीच जिंकल्या नव्हत्या, बाईनेही नाही आणि पुरुषानेही नाही.

त्या मोसमात बक्षिसाच्या रकमेतही ती सगळ्या पुरुषांच्या पुढे होती. वर्ल्ड कपच्या या शर्यतींत स्त्री आणि पुरुष दोघांसाठी बक्षिसाची किमान रक्कम सारखीच ठेवलेली आहे. समान कामाला समान दाम मिळालं तर बाई कुठवर जाते, याचा हा पुरावा. बीडीच्या हजारामागे काय मिळतं आणि रोवणीच्या नि वखराच्या मजुरीत फरक किती, याचा हिशेब मांडणाऱ्या आपल्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आईचं काम

आता सगळ्यांत महत्त्वाचं. मिकाएला शर्यतींना गेली तेव्हा तिच्याबरोबर तिची आई गेली. नुसती डबा घेऊन नव्हे. आयलीन तिची प्रशिक्षक म्हणून गेली. चित्रफिती बघून चुका काढणं, सराव आखणं, कोणती शर्यत करायची आणि कोणती सोडायची ते ठरवणं, या सगळ्यात ती होती. तिच्या या कामाला नाव मिळालं, मान मिळाला.

आपल्या गावांत मुलीच्या खेळामागे आई नसते का? असते. मला माहीत असलेली एक आई बीड्या वळते. मुलगी कबड्डी खेळते. जोडे घ्यायचे होते तेव्हा आईने रात्री चिमणीपाशी बसून जास्तीच्या बीड्या वळल्या आणि पैसे जमवले. घरात सांगितलं, शाळेने दिले. का? तर "पोरीच्या खेळापायी पैसा घालते" असं कोणी म्हणू नये म्हणून. इथे आईचं काम लपवावं लागतं. आपल्या मुलीसाठी केलेला खर्च चोरीसारखा करावा लागतो. आयलीन शिफ्रिन आणि ही आई, दोघींच्या पोटातली तळमळ एकच आहे. फरक आहे तो घरातल्या निर्णयात तिचा शब्द चालतो की नाही याचा, आणि हातातल्या पैशाचा.

म्हणून "एका आईने मुलीला चॅम्पियन केलं" अशी गोष्ट सांगून मी तुमच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवणार नाही. बाप डॉक्टर, घरात पैसा, गावात डोंगर, डोंगरावर बर्फ, वर चढवून नेणारे पाळणे, खेळासाठीच काढलेली शाळा. हे सगळं जमून आलं तेव्हा आईच्या कष्टाला फळ आलं.

आपल्याच देशातलं पाहू. १९८८ साली कॅनडातल्या कॅल्गरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये शैलजा कुमार स्लॅलममध्ये उतरली. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भाग घेणारी ती पहिली भारतीय स्त्री. मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आँचल ठाकूरने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानात एर्झुरुमला स्लॅलममध्ये कांस्यपदक मिळवलं. आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधलं ते भारताचं पहिलं पदक. पंतप्रधानांनी अभिनंदन केलं, एका दिवसात देशभर नाव झालं. पण तिथवर पोचवण्याचा खर्च मुख्यतः वडिलांनी पेलला होता, असं ती तेव्हा सांगत होती. तिचे वडील स्वतः या खेळाच्या संघटनेत होते, भाऊ हिमांशू २०१४ च्या ऑलिंपिकमध्ये खेळलेला. ज्या घरात असं कोणी नाही त्या घरातल्या मुलीचं काय?

आणि आपल्या महाराष्ट्रात? नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. आदिवासी पाड्यावरची मुलगी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक घेते. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचते. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. या दोघींकडे बर्फ नव्हता, पाळणे नव्हते. मातीचा रस्ता होता. धावण्याला रस्ताच लागतो म्हणून गरिबाघरच्या मुली धावण्यात दिसतात. आपली मुलगी कोणता खेळ खेळणार हे पुष्कळदा तिच्या आवडीआधी घरची परिस्थिती ठरवून टाकते.

अंगाबद्दल बोलणं

जानेवारी २०२३ मध्ये एक गंमत झाली, आणि ती गमतीपेक्षा मोठी आहे. शर्यत जिंकल्यावर ऑस्ट्रियाच्या दूरदर्शनवाल्यांनी मिकाएलाला थकव्याबद्दल विचारलं. तिने सरळ सांगितलं की पाळीचे दिवस आहेत, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त दमायला होतंय. इंग्रजीत 'सायकल' हा शब्द पाळीच्या चक्रासाठीही वापरतात. भाषांतर करणाऱ्याने प्रेक्षकांना सांगितलं की तिला सायकल चालवायला वेळ मिळत नाही! जगातली अव्वल खेळाडू कॅमेऱ्यासमोर पाळीबद्दल बोलेल हे त्याच्या कानांना ऐकूच आलं नाही. मिकाएलाने मग तो किस्सा स्वतःच जाहीर सांगितला, हसली, आणि पाळीचा खेळावर कसा परिणाम होतो याची चर्चा सुरू झाली.

आपल्याकडे काय होतं? सातवी-आठवीपर्यंत मुलगी लंगडी, खो-खो, कबड्डी खेळते. पाळी आली की आधी चार दिवस घरी बसते, मग तालमीला दांडी, मग संघातून नाव कमी. शाळेच्या मुतारीत पाणी नसतं, दाराला कडी नसते. सरांना कसं सांगायचं? मुलगी म्हणते "पोट दुखते." सर म्हणतात "पोरी नाटकं करतात." आणि एक खेळाडू संपते. तिने खेळ सोडला असं आपण म्हणतो. खेळ तिच्याकडून सोडवला गेला.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे इथे पुढे बसलेल्या दहा मुलींपैकी सहा जणी, देशाची सरासरी धरली तर. घरात सगळ्यांत शेवटी जेवायचं, उरलेलं वरण खायचं, अंडं भावाला द्यायचं, आणि मैदानावर दम लागला की "पोरींच्यात ताकदच नसते" असं ऐकायचं. ताकद निसर्गाने कमी दिलेली नाही. ताटात कमी वाढलेली आहे.

पडणं, आणि पडल्यावर लोकांचं बोलणं

मिकाएलाच्या आयुष्यातला दोन फेब्रुवारी २०२० हा दिवस फार वाईट. घरी झालेल्या अपघातानंतर वडील गेले. तिने तो मोसम अर्ध्यावर थांबवला. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, बीजिंग ऑलिंपिकला ती गेली तेव्हा सगळं जग म्हणत होतं की ही पदकांची रास घेऊन येणार. पहिल्या शर्यतीत काही सेकंदांतच बाहेर. दुसऱ्या शर्यतीत पुन्हा तसंच. ती उताराच्या कडेला बर्फातच बसली, मान खाली घालून, बराच वेळ. कॅमेरे तिच्यावरून हटले नाहीत. तिसऱ्यांदाही एका शर्यतीत तेच झालं. एकही पदक नाही.

मग शिव्यांचा पाऊस पडला. 'खेळ सोड', 'मूर्ख', 'देशाची लाज घालवलीस', असले निरोप. तिने ते लपवले नाहीत. ते लोकांसमोर ठेवले आणि सांगितलं की असं बोलणं ज्यांच्या वाट्याला येतं त्यांनी तरीही उठून उभं राहावं. पुढच्याच महिन्यात तिने वर्ल्ड कपचं एकूण विजेतेपद जिंकलं. ११ मार्च २०२३ रोजी, जिथे पहिली शर्यत जिंकली होती त्याच ओरे गावी, तिचा ८७वा विजय झाला. स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्क या पुरुष खेळाडूचा ८६ विजयांचा विक्रम १९८९ पासून तसाच उभा होता, तो मोडला. स्त्री आणि पुरुष मिळून सर्वांत जास्त विजय आता एका बाईच्या नावावर आहेत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या किलिंग्टनला, शंभराव्या विजयाच्या उंबरठ्यावर, ती जोरात पडली. पोटाच्या बाजूला खोल जखम झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. दोन महिन्यांनी परत आली तेव्हा तिने उघडपणे सांगितलं की मनात भीती बसली आहे, अमुक प्रकारची शर्यत मी आत्ता करणार नाही. जागतिक स्पर्धेत ज्या शर्यतीची ती आधीची विजेती होती, तीच तिने सोडली. आणि २३ फेब्रुवारी २०२५ रोजी इटलीतल्या सेस्त्रिएरे इथे स्लॅलममध्ये शंभरावा विजय मिळवला.

तर मुलींनो, तुम्ही विचारलं होतं, तिला भीती वाटत नाही का. वाटते. तिने ती चारचौघांत सांगितली, आणि सांगितल्यामुळे तिचं नाव कमी झालं नाही.

आपल्या मुलींना मात्र पडायची परवानगी कुठे असते? मुलगा दहावीत नापास झाला तर पुन्हा बसतो. मुलगी तालुक्याला एक सामना हरून आली तर घरचे म्हणतात, "झालं समाधान? आता पुरे." हात मोडला तर पहिला प्रश्न असतो, "लग्नाला व्यंग दिसेल का?" मुलीला एकच संधी मिळते आणि तीही उधारीची. एका संधीत कोणी विजेता होत नाही. मिकाएलाचे शंभर विजय आपण मोजतो. त्यांच्याभोवतीच्या हरलेल्या, अर्ध्यावर सुटलेल्या शर्यतींचीही गिनती करा.

मैदानावरची सुरक्षितता

एक कडू विषय टाळून चालणार नाही. निकोला वेर्डेनिग ही ऑस्ट्रियाची सत्तरच्या दशकातली स्की खेळाडू. त्या देशात स्कीइंग म्हणजे अभिमानाचा विषय, खेळाडू म्हणजे देव. नोव्हेंबर २०१७ मध्ये, चाळीसेक वर्षांनंतर, तिने वर्तमानपत्रातून जाहीर केलं की तेव्हा स्की शाळांत आणि संघात मुलींवर लैंगिक अत्याचार होत होते, आणि ती स्वतः त्यातून गेली. इतक्या वर्षांनी का बोलतेस, असंही तिला ऐकावं लागलं. पण ती बोलल्यावर इतरजणीही बोलू लागल्या.

आपल्या देशात जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक या ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते. २८ मे २०२३ रोजी पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून ओढत नेलं. ती दृश्यं आपण सर्वांनी पाहिली. आणि आपल्या कित्येक घरांत त्याचा अर्थ काय लावला गेला? "बघा, म्हणून पोरींना पाठवू नये." अत्याचार करणाऱ्याला काही नाही, कुलूप लागलं ते मुलीच्या दाराला.

याला उत्तर कायद्यात आहे, पण ते आपल्याला माहीत पाहिजे. भंवरीदेवीच्या लढ्यातून १९९७ साली विशाखा निकाल आला आणि त्यातून पुढे २०१३ चा, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. त्या कायद्यात 'कामाचं ठिकाण' या शब्दात क्रीडा संस्था, स्टेडियम, सरावाची आणि स्पर्धेची जागाही स्पष्टपणे धरलेली आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी. नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने आहे. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. मुलीला घरी बसवण्याआधी ही दारं ठोठावायची.

आपण काय करायचं

मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यातून स्कीइंगची विजेती निघावी म्हणून मी हे सांगितलं नाही. मुलीला खेळायला मिळालं की तिला आपलं अंग आपलं वाटू लागतं. ती मोठ्याने ओरडते, पडते, उठते, पंचाशी वाद घालते, एकटी एस.टी.ने तालुक्याला जाऊन येते. पुढे नवऱ्याने हात उगारला तर तो धरायचा, हे तिला वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणून हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

काही कामं ठरवूनच उठू या. एक, प्रत्येक गावात शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं मैदान आठवड्यातले काही दिवस संध्याकाळी मुलींसाठी राखून ठेवावं, असा ठराव आधी महिला सभेत आणि मग ग्रामसभेत मांडायचा. मुलांचं क्रिकेट त्या दिवशी थांबेल, हरकत नाही. दोन, शाळेच्या मुतारीत पाणी, दाराला कडी आणि पॅडची सोय आहे का, हे गटातल्या दोघीतिघींनी स्वतः जाऊन पाहायचं, आणि शाळा व्यवस्थापन समितीत जी आई सदस्य आहे तिने ते लिहून घ्यायला लावायचं. तीन, बचत गटाच्या कर्जात मुलीचे जोडे, प्रवासखर्च, शिबिराची फी हे कारण चालेल असं नोंदवून घ्यायचं. शेळीसाठी कर्ज देतो, शिवणयंत्रासाठी देतो, मग यासाठी का नाही? कोणत्याही आईला रात्री लपून बीड्या वळाव्या लागू नयेत. चार, मुली बाहेरगावी सामन्यांना जातील तेव्हा संघाबरोबर एक बाई असलीच पाहिजे, आणि तिचा खर्च आयोजकांकडे मागायचा. पाच, घरात मुलीने आणि आईने शेवटी जेवायची रीत मोडायची. हे पाचवं काम सगळ्यांत अवघड आहे, कारण तिथे अर्ज कोणाकडे करायचा हा प्रश्न असतो. तो अर्ज आपल्याच चुलीपाशी करायचा आहे.

आणि शेवटची विनंती इथे बसलेल्या आयांना आणि आज्यांना. दहावीच्या परीक्षेनंतर, एप्रिल-मेमध्ये, पाहुणे स्थळं घेऊन येतात. त्याच दिवसांत कधी कधी शिबिराचं पत्रही येतं. दोन्ही एकाच आठवड्यात आली तर पाहुण्यांना सांगा, "पोरगी शिबिराले गेली आहे, आता लग्नाचं बोलणं नाही." एवढं वाक्य आजपासून घरी म्हणून बघा. पहिल्यांदा जीभ अडखळेल.

आता मुलींना बोलायचं असेल. प्रश्न विचारा. मला ज्याचं उत्तर येणार नाही ते मी विचारून, वाचून पुढच्या बैठकीत सांगेन.